पाहुण्यांच्या खोलीसाठी स्वस्त स्मार्ट टीव्ही: एक फसलेली आणि एक जमलेली खरेदी

विदर्भातल्या कोणत्याही गावातून माणूस दवाखान्याच्या, परीक्षेच्या किंवा कोर्टाच्या कामासाठी निघाला की बहुतेक वेळा तो नागपुरात येतो, आणि इथे ज्याचे घर असेल त्याच्याकडे उतरतो. त्रिमूर्तीनगरातील आमच्या घराची मागची खोली अशा पाहुण्यांसाठीच राखलेली आहे; ती वर्षातून चाळीस-पन्नास दिवस भरलेली असते आणि एरवी बंद. २०२३ मध्ये माझी ब्रह्मपुरीची आत्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर दीड महिना या खोलीत राहणार होती. दिवसभर पडून राहणाऱ्या माणसाला काहीतरी विरंगुळा हवा म्हणून त्या खोलीसाठी स्वस्तातला स्मार्ट टीव्ही घ्यायचे आम्ही ठरवले. तो निर्णय चुकला, २०२५ मध्ये दुसरा टीव्ही घेतला आणि तो बरा निघाला. या दोन्ही खरेदींतून जे शिकायला मिळाले ते येथे सविस्तर मांडत आहे, कारण अशा खोलीसाठी टीव्ही निवडण्याचे निकष बैठकीच्या खोलीपेक्षा वेगळे असतात आणि दुकानात कोणी ते सांगत नाही.

पहिला टीव्ही ३२ इंची होता. सीताबर्डीच्या बाजारातल्या एका दुकानातून तो ७,८०० रुपयांना घेतला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत अँड्रॉइड लिहिलेले होते आणि ‘नाव नवीन आहे ताई, पण आतला माल तोच आहे, काही टेन्शन घेऊ नका’ या दुकानदाराच्या बोलण्यावर मी विसंबले. घरी लावल्यावर दिसले की त्यातील अँड्रॉइड हे टीव्हीसाठी तयार केलेले नव्हते. मोबाइलवर चालणारीच सिस्टीम मोठ्या पडद्यावर बसवलेली होती. काही ॲप उघडल्यावर रिमोटच्या बाणांनी एक टोकदार खूण पडद्यावर सरकवत न्यावी लागे, आणि सत्तरीच्या आत्याला ते कधीही जमले नाही. नेटफ्लिक्सचे चित्र तर नेहमी पुसट दिसे. आधी मी इंटरनेटला दोष दिला, पण खरे कारण वेगळे होते. पैसे घेऊन चित्रपट दाखवणाऱ्या सेवा टीव्हीत वाइडवाइन नावाच्या संरक्षणाची एल-१ ही वरची पातळी आहे का ते तपासतात आणि ती नसेल तर चित्र मुद्दाम कमी दर्जाचे पाठवतात. गूगलचे प्रमाणपत्र न घेता बाजारात आलेल्या संचांत ही पातळी सहसा नसते.

तरीही तो दीड महिना कसाबसा निभावला. खरी फजिती दहा महिन्यांनी झाली, जेव्हा आत्या दुसऱ्या गुडघ्यासाठी पुन्हा आली. मधल्या काळात टीव्ही जवळजवळ बंदच होता. दवाखान्यातून घरी आणून तिला पलंगावर टेकवले, टीव्ही लावला, तर यूट्यूब उघडेना. ॲप जुने झाले असून नवे घ्या अशी सूचना येई आणि नवे घ्यायला गेले की जागा अपुरी असल्याची दुसरी सूचना येई. वॉरंटी कार्डावरच्या क्रमांकावर कोणी फोन उचलला नाही. संध्याकाळी सात वाजता, दुखणे सोसत पडलेल्या माणसासमोर आम्ही दोघे रिमोट घेऊन तासभर झटत होतो, आणि शेवटी आत्याच म्हणाली, ‘राहू दे ना बाप्पा, मी झोपतो.’ ते वाक्य मला फार लागले. त्या संध्याकाळी या खोलीच्या टीव्हीचा खरा निकष मला समजला: महिनोन्महिने बंद राहिलेला संच, तो कधीही न हाताळलेल्या माणसासाठी, पहिल्याच संध्याकाळी चालला पाहिजे. बाकीचे सर्व गुण त्यानंतरचे.

पुढे जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने बॅडबॉक्स २.० या प्रकाराबद्दल जाहीर इशारा दिला. प्रमाणपत्र नसलेल्या काही अँड्रॉइड टीव्ही बॉक्समध्ये आणि तत्सम घरगुती उपकरणांत विक्रीच्या आधीच घातक सॉफ्टवेअर भरलेले आढळले होते. आमच्या संचात तसे काही होते असे मी म्हणत नाही, परंतु त्या बातमीनंतर मी तो घराच्या वायफायवरून कायमचा काढला. आता तो मुलाच्या संगणकाला पडदा म्हणून जोडलेला आहे आणि ते काम ठीक करतो.

दुसऱ्या खरेदीच्या वेळी, २०२५च्या दिवाळीपूर्वी, आधी आकाराचा प्रश्न सोडवला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे ४३ इंची संच घ्यावा असा आग्रह प्रत्येक दुकानात झाला. करापूर्वी १६,००० रुपये किंमत असलेला संच पूर्वी २०,४८० रुपयांना पडत असेल तर तोच आता १८,८८० रुपयांना पडतो, हे खरेच आहे. मात्र ३२ इंचांपर्यंतच्या संचांवर आधीपासूनच १८ टक्के कर होता आणि त्यात काहीही बदल झालेला नाही. तरीही दोन ठिकाणी मला ३२ इंची टीव्हीदेखील ‘जीएसटी कमी झाल्यामुळे’ स्वस्त झाल्याचे सांगण्यात आले. सवलत असेल तर ती दुकानाची किंवा कंपनीची असते, कराची नव्हे, एवढे खरेदीदाराने ध्यानात ठेवावे.

आमच्या खोलीत उशीला टेकून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपासून समोरच्या भिंतीपर्यंतचे अंतर साडेआठ फूट भरते. ३२ इंची पडदा साधारण ७१ सेंटीमीटर रुंद असतो आणि एचडी रेडी प्रकारात त्या रुंदीत १,३६६ ठिपके (पिक्सेल) बसतात. म्हणजे एक ठिपका अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठा. चांगली नजर असलेल्या माणसाला एवढे ठिपके सुटे दिसायचे तर त्याने पावणेदोन मीटरच्या, म्हणजे सुमारे सहा फुटांच्या आत बसले पाहिजे. साडेआठ फुटांवरून पाहणाऱ्या आत्यासाठी फुल एचडीचे वेगळे पैसे मोजणे मला अनावश्यक वाटले. गंमत अशी की ४३ इंची फुल एचडी पडद्यावरचा ठिपकाही जवळजवळ तेवढाच असतो, कारण तेथे ९५ सेंटीमीटर रुंदीत १,९२० ठिपके असतात. चित्र मोठे मिळते, पण सहा फुटांवरून ते अधिक बारीक दिसत नाही. खोली बारा-तेरा फूट लांब असेल, किंवा पाहणाऱ्याची नजर अधू असून बातम्यांच्या पट्ट्या वाचता येत नसतील, तर मात्र ४३ इंची घेण्यात शहाणपण आहे. दहा बाय दहाच्या खोलीत तो भिंत व्यापतो आणि आडव्या पडलेल्या माणसाच्या अंगावर येतो.

३२ इंची संचांचा भाव बाजारात साधारण ८,००० ते १५,००० रुपयांच्या दरम्यान आढळला. बैठकीच्या खोलीसाठी लोक पडद्याचा झगमगाट पाहतात. मी सिस्टीम आधी पाहिली. अमेझॉनचा फायर टीव्ही, एलजीचा वेबओएस, सॅमसंगचा टायझन आणि अनेक कंपन्यांच्या संचांत येणारा गूगल टीव्ही हे मुख्य पर्याय. याखेरीज अगदी स्वस्त संचांत कूलिटासारख्या लिनक्सवर आधारित सिस्टीम असतात. त्यांना कमी रॅम पुरते, आणि पाहुणे फक्त यूट्यूब पाहणार असतील तर त्या वाईट नाहीत. परंतु गूगलचे प्ले स्टोअर तेथे नसते, त्यामुळे पुढे एखादे हवे असलेले ॲप त्या सिस्टीमच्या स्वतःच्या ॲप स्टोअरमध्ये नसले तर इलाज उरत नाही. मी गूगल टीव्ही निवडला तो एका विशिष्ट सोयीसाठी. त्याच्या सेटिंगमध्ये फक्त ॲप दाखवणारा एक प्रकार आहे. तो सुरू केला की सुचवलेल्या मालिकांची गर्दी जाते आणि बहुतांशी ॲपची चित्रे तेवढी समोर उरतात. माझ्या मते पाहुण्यांच्या खोलीत या एका सोयीचे मोल चार वॅटच्या जादा स्पीकरपेक्षा अधिक आहे. संच खरोखर प्रमाणित आहे की नाही हे ओळखण्यासाठी प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्ले प्रोटेक्टची, म्हणजे गूगलच्या प्रमाणपत्राची, नोंद पाहावी आणि नेटफ्लिक्स किंवा प्राइम व्हिडिओची कळ रिमोटवर छापलेली आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नये, ते ॲप दुकानातच उघडून घ्यावे.

स्मृतीचे आकडे या किमतीत तुटपुंजेच असतात. १ जीबी रॅमचा संच दुकानात चपळ वाटतो, कारण तेथे त्यात काहीच भरलेले नसते. मी १.५ जीबी रॅम आणि ८ जीबी स्टोरेज ही किमान मर्यादा ठरवली. त्या ८ जीबीपैकी मोठा भाग सिस्टीमच व्यापते, म्हणून चार-पाच ॲपपलीकडे काहीही ठेवायचे नाही, हा नियम घरात सर्वांना सांगितला. पहिल्या टीव्हीत नातवंडांनी भरलेल्या खेळांमुळेच शेवटी यूट्यूबला जागा उरली नव्हती.

दुकानात संच पारखताना दुकानदाराची चित्रफीत बंद करायला सांगावी. ती फीत भडक रंगांची असते आणि टीव्हीही दुकानी उजेडासाठीच्या मोडमध्ये ठेवलेला असतो. घरगुती मोड लावायला सांगितला की दोन शेजारच्या संचांतला खरा फरक दिसतो. मी पाच संच पाहिले आणि प्रत्येकाचे बटण भिंतीवरून बंद करवून पुन्हा लावले. पहिले चित्र दिसायला काहींना अर्धे मिनिट लागले, तर एकाला सव्वा मिनिट. पाहुण्यांच्या खोलीत टीव्ही बटणावरूनच बंद राहतो, त्यामुळे स्टँडबायमधून दोन-चार सेकंदांत जागा होणाऱ्या टीव्हीचे कौतुक येथे उपयोगाचे नाही. त्यानंतर मी वाकून, पडद्याच्या बऱ्याच खालून चित्र पाहिले. विक्रेत्याला ते विचित्र वाटले असावे, पण पलंगावरचा माणूस भिंतीवरचा टीव्ही खालूनच पाहतो. व्हीए प्रकारच्या पॅनेलचा काळा रंग समोरून गडद असतो, मात्र कोनातून तो फिकटतो; आयपीएस पॅनेल कोनातून रंग टिकवते, पण अंधाऱ्या खोलीत त्याचा काळा रंग राखाडी वाटतो. या खोलीसाठी मी आयपीएसच्या बाजूने कौल दिला. आवाज तपासण्यासाठी गाणे लावू नये. बातम्या लावाव्यात, आणि आवाज निम्म्यावर असताना निवेदकाचे शब्द दहा फुटांवर स्पष्ट येतात का ते ऐकावे. पांढरा पडदा दाखवणारी एखादी चित्रफीत लावली की मृत ठिपके आणि कोपऱ्यांतले डाग लगेच उघडे पडतात. सोबत मी लग्नाच्या चित्रफितीचा पेनड्राइव्हही नेला होता, कारण आमच्याकडे येणारे निम्मे पाहुणे तसा एखादा बरोबर आणतातच. पाचपैकी दोन संचांत आवाज आला पण चित्र आले नाही.

खोक्यावरचा निर्मितीचा महिना आणि वर्ष पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. सणाच्या तोंडावर दोन वर्षांपूर्वीचा माल पुढे केला जातो, आणि तितकीच जुनी सिस्टीम त्यासोबत घरी येते. ‘ए प्लस ग्रेड पॅनेल’ हे शब्द मला तीन दुकानांत ऐकू आले. त्यामागे ग्राहकाला तपासता येईल असे कोणतेही मानक नाही, म्हणून ते ऐकून सोडून द्यावेत. वीजबचतीच्या स्टार रेटिंगचाही मी फार विचार केला नाही. ३२ इंची संच साधारण ४० ते ५० वॅट वीज घेतो. रोज पाच तास चालला तरी पाव युनिटच्या आत खर्च होतो, आणि वर्षातून पन्नास दिवसांच्या वापरात दोन संचांतला फरक चहाच्या पैशांइतका राहतो.

सेवा केंद्राबद्दल मात्र मी पहिल्या अनुभवामुळे हट्टी झाले होते. टीव्ही घेण्याआधीच दुकानात उभे राहून कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला, ४४०ने सुरू होणारा आमचा पिनकोड सांगितला आणि तंत्रज्ञ कोठून येईल ते विचारले. एका कंपनीने मोघम उत्तर दिले, दुसऱ्या कंपनीने शहरातीलच केंद्राचा पत्ता दिला. मी दुसरीचा संच घेतला. फोनला लागलेली दहा मिनिटे या संपूर्ण खरेदीतली सर्वांत मोलाची होती असे आजही वाटते. वॉरंटी एक वर्षाची असो की पॅनेलवर दोन वर्षांची, आघाताने तडकलेले पॅनेल तीत बसत नाही आणि नवे पॅनेल बसवण्याचा खर्च स्वस्त टीव्हीच्या किमतीच्या जवळ जातो. म्हणून घरी आणताना संच उभाच ठेवावा, आडवा टाकू नये.

शेवटी ११,९०० रुपयांना ३२ इंची, एचडी रेडी, गूगल टीव्ही असलेला संच आला. मॉडेलचे नाव देत नाही, कारण स्वस्त संचांची मॉडेले वर्षभरात बदलतात आणि त्याच नावाच्या पुढच्या मालात पॅनेल वेगळे निघू शकते. चार महिन्यांच्या वापरानंतर सांगता येते ते असे. बटण लावल्यापासून चाळीस सेकंदांत ॲपची रांग दिसते. यूट्यूब, जिओहॉटस्टार आणि नेटफ्लिक्स अडखळत नाहीत, मात्र एकातून बाहेर पडून दुसरे उघडताना पाच-सात सेकंद थांबावे लागते. घाईच्या माणसाला ते खटकेल. राउटर पुढच्या खोलीत असून मध्ये दोन भिंती आहेत, तरी चित्र थांबत नाही. नेटफ्लिक्सला ७२०पीसाठी, म्हणजे एचडी रेडी पडद्याला पुरेशा चित्रासाठी, ३ एमबीपीएस वेग पुरतो, त्यामुळे येथे वेगवान जोडणीची गरजही नव्हती. रंग नैसर्गिक आहेत. रात्रीच्या प्रसंगांत मात्र काळोख करडा दिसतो आणि दुपारी खिडकी उघडी असेल तर पडदा फिका पडतो, कारण या किमतीत उजळपणा कमीच मिळतो. आवाज पातळ आहे. पंखा आणि कूलर दोन्ही चालू असतील तर संवाद ऐकण्यासाठी तो बराच वाढवावा लागेल. ब्लूटूथ आहे, पण इअरफोन जोडल्यावर ओठ आणि शब्द यांत किंचित अंतर पडते.

रिमोटवर आकड्यांच्या कळा नाहीत. ज्यांनी आयुष्यभर वाहिनीचा क्रमांक दाबला त्यांना हे अवघड जाते. त्यावर उपाय म्हणून यूट्यूबच्या, होमच्या आणि चालू-बंद कळेच्या शेजारी मी तीन रंगांचे ठिपके चिकटवले. त्यासोबत घरातल्या कोणाचे नव्हे, या टीव्हीसाठीच उघडलेले स्वतंत्र गूगल खाते त्यात घातले आहे, जेणेकरून पाहुण्याला आपले खाते घालावे लागत नाही आणि निघताना ते काढण्याची आठवणही ठेवावी लागत नाही. जानेवारीत आत्या तपासणीसाठी दोन दिवस आली तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. तिने स्वतः टीव्ही लावला आणि कीर्तन शोधून ऐकत बसली. माझ्या लेखी संचाने परीक्षा तेथेच उत्तीर्ण केली.

दर महिन्याच्या एक तारखेला मी तो अर्धा तास चालू ठेवते आणि अपडेट होऊ देते. पाहुणा यायच्या आदल्या दिवशीही एकदा लावून पाहते. ही सवय पहिल्या टीव्हीच्या वेळी असती तर कदाचित ती संध्याकाळ टळली असती, जरी तो संच मुळात चांगला नव्हताच.

टीव्ही कोठे टांगावा याचा विचार नागपुरात विशेष करावा लागतो. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकांत वापरासाठी ४० अंश सेल्सिअसपर्यंतचे तापमान आणि ८० टक्क्यांपेक्षा कमी आर्द्रता दिलेली असते. मे महिन्यात येथे पारा ४५च्या पुढे जातो. २३ मे २०१३ रोजी तर तो ४७.९ अंशांवर गेला होता. एकमजली घरात वर थेट स्लॅब असल्याने बंद खोली संध्याकाळीही भट्टीसारखी तापलेली राहते. पहिला टीव्ही आम्ही पश्चिमेच्या भिंतीवर लावला होता. दुपारी हात लावला तर त्याची पाठ बंद असतानाही चटका देई, आणि समोर कूलर असल्याने वाळ्यातून येणारी ओली हवा रात्रभर थेट त्याच्यावर पडे. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर त्याच्या पडद्याच्या खालच्या कडेला ढगाळ पट्टा उमटला. त्याचे नेमके कारण मी सिद्ध करू शकत नाही, पण उष्णता आणि ओल या दोन्ही गोष्टी पुस्तिकेतच वर्ज्य सांगितलेल्या आहेत. नवा संच उत्तरेच्या आतल्या भिंतीवर, कूलरच्या झोताच्या बाहेर आणि मागे हवा खेळती राहील अशा स्टँडवर टांगला आहे. तो १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, त्यामुळे वेगळा स्टॅबिलायझर घेतला नाही. जूनच्या तोंडावरच्या विजांसाठी सर्ज प्रोटेक्टर असलेला बोर्ड घेतला आहे, आणि आभाळ गडगडू लागले की प्लग काढायचा असे घरात ठरलेले आहे.

या संचाने अजून नागपूरचा उन्हाळा पाहिलेला नाही. एप्रिलमध्ये कूलर बसवताना त्याचे तोंड दाराकडे वळवायचे आहे आणि खिडकीला जाड पडदा लावायचा आहे. आत्याची पुढची तपासणी मे महिन्यात आहे. तोपर्यंत तिच्यासाठी लांब वायरचा एक साधा हेडफोन घेऊन ठेवणार आहे, कारण या टीव्हीच्या मागे हेडफोनची जोडणी आहे आणि तारेच्या हेडफोनमध्ये ओठ आणि शब्द बरोबर जुळतात.